रंभाजी उठला की कावळा शिवतो

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं गावोगाव असतात. आमच्या रंभाजीची तऱ्हा वेगळी. तो ते लोणी मढ्याच्या घरच्यांकडूनच काढून घेई, आणि घरचे वर त्याच्याच पाया पडत.

मी रंगनाथ, गावचा न्हावी. संगमनेरच्या पठारावर आमचं गाव. कोणी मेलं की दहाव्याला ओढ्याकाठी भाऊबंदांची डोकी करायला मी असायचोच. पिंड ठेवला की सगळे कावळ्याची वाट बघत बसतात. शिवला, तर मेलेला सुखाने गेला. नाही शिवला, तर त्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग नातेवाईक एकेक कबूल करत जातात. पोरीचं लग्न लावू, भावाशी भांडण मिटवू. ज्या बोलण्याला कावळा उतरेल ती मेलेल्याची खरी इच्छा. पिंडासमोर दिलेला शब्द आमच्याकडे कोर्टाच्या निकालाहून पक्का धरतात.

रंभाजीला ही विद्या फुकटात मिळाली. खळ्यावरच्या बाजरीला कावळे झोंबतात म्हणून त्याने गलोलीने एक कावळा मारला, काठीला टांगला आणि ती काठी खांद्यावर घेऊन तीन दिवस गावभर मिरवला. कावळे माणसाचं तोंड विसरत नाहीत. तेव्हापासून हा दिसला की ते लांबूनच कलकलाट करत, जवळ म्हणून येत नसत. पुढे चुलत्याच्या दहाव्याला हा पिंडाशेजारी बसला. दोन तास झाले तरी कावळा नाही. चुलती कबूल करून करून दमली. शेवटी म्हणाली, "रंभाजीला दुभती म्हैस देते," आणि नेमका तेव्हाच हा लघवीला उठला. कावळ्याने झडप घातली, गावाने हात जोडले. रंभाजी धोतर सावरत परत आला तो म्हशीचा मालक होऊन. आणि शहाणा होऊन.

त्यानंतर गावात जो मरेल तो रंभाजीचा जिवलग मित्र निघू लागला. कोणाचा कोट याला मिळाला, कोणाची सायकल. लंकाबाईच्या सासऱ्याने याला उभ्या जन्मात शिव्यांशिवाय काही दिलं नव्हतं, पण मेल्यावर त्याला म्हणे आपला रेडिओ रंभाजीला द्यायचा होता. लंकाबाईने दिला.

माझ्या ध्यानात ते तिसऱ्या दहाव्याला आलं. न्हाव्याचं लक्ष माणसाच्या मानेकडे असतं. उठण्याआधी रंभाजी मान वळवून झाडावरच्या कावळ्यांकडे बघून घ्यायचा. मी कोणाला बोललो नाही. खरं सांगतो, मला मौज वाटायची. सगळं गाव येडं आणि मी एकटा शहाणा, यासारखं सुख नाही.

बहात्तरच्या दुष्काळात सहादू मेला. गावातल्या विहिरी खडखडीत पडल्या होत्या, पाणी होतं ते एकट्या त्याच्या विहिरीला. घरटी एक हंडा तो रोज फुकट देई. मूलबाळ नव्हतं, मागे एकटी बायको, चांगुणा. तिनेही हंडा बंद केला नाही. इकडे रंभाजीची दोनशे मोसंबीची झाडं वाळत होती.

दहाव्याच्या सकाळी दाढीला बसला तेव्हा रंभाजी हळूच म्हणाला, "रंगनाथ, तुझ्या घरी रोज दोन हंडे येतील. तू आपला खाली मान घालून वस्तरा चालव."

मी वस्तरा चालवला.

पिंड ठेवला. रंभाजी शेजारी मांडी घालून बसला. ऊन चढलं, कावळे बाभळीवरून हलेनात. मग त्याने डोळे पुसले. "चांगुणावैनी, सहादू मला म्हनला हुता, माझ्या विहिरीवर तुझं इंजिन बसव."

"मला तर कवा बोलले न्हाईत."

"बायकांना समदं सांगत्यात व्हय?"

"इंजिन बसलं तर म्हैन्यात तळ दिसंल, भावजी. मग मी काय पिऊ? गाव काय पिईल?"

बरोबर बोलत होती. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरात तिच्याच विहिरीचं पाणी होतं. पण डोक्यावर ऊन, पोटात काही नाही आणि कावळा शिवल्याशिवाय उठता येत नाही. लोक कुजबुजू लागले, केवढी निबर बाई ही! शेवटी तिचा सख्खा भाऊ बन्सीच तिच्यावर खेकसला, "चांगुणा, म्हन की एकदाचं! त्यो तिकडं तळमळतोय आन् तू पानी धरून बसलीस!"

ती रडली. मग पदराने तोंड पुसून पिंडाला म्हणाली, "घ्या, धनी. विहीर दिली रंभाजीभावजींना. आता जेवा तुमी."

रंभाजी बाभळीकडे बघत उठला, धोतर झाडलं आणि ओढ्यापलीकडे चालता झाला. कावळा आला.

लोक घाईने पांगले. मी वस्तरा पुसत होतो. चांगुणा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दादा, तुमी समदे दहावे बघता. खरंच ह्यांचा जीव विहिरीतच अडकला हुता का?"

बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं. शब्द पिंडासमोरचा, पण लबाडीने घेतलेला. माझ्या एका वाक्यावर तो मोडला असता.

"व्हय," मी म्हणालो.

माझ्या घरी दोन हंडे आले. तेवीस दिवस. चोविसाव्या दिवशी इंजिनाने चिखल ओढला. मोसंबी जळाली ती जळालीच. गाव तीन कोसांवरून पाणी आणू लागलं. पाणी नाही तर दाढी कोण करणार? मीही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो. तिथे मुकादम कोण? छत्री घेतलेला रंभाजी. साहेबाच्या मेलेल्या आईशी त्याचा फार घरोबा होता म्हणे.

चांगुणा त्याच कामावर होती. हाताची सालटं निघालेली, पण बायकांना अभिमानाने सांगे, मालकाची शेवटची इच्छा पुरी केली. एका दुपारी मजुरांना खायला सरकारी सुकडी वाटली तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली.

"दादा, तुमी त्या दिशी व्हय म्हनला म्हनून मला झोप लागती. न्हाईतर विहीर गेल्याचं लई लागलं असतं जिवाला."

आणि आपल्या वाट्याची अर्धी सुकडी तिने माझ्या हातावर ठेवली. मला लाज वाटली, फार वाटली. पण भूक लागली होती. मी खाल्ली.