ताईची लाल पट्टी

ताईच्या खोलीचं दार बंद असलं तरी ती कुणाशी बोलतेय ते मला तिच्या ‘हो’वरून कळतं. साहेबांना ती ‘हो हो, हो हो’ असं जोडीनं देते. आईला एकच देते, पण लांबलचक: ‘होऽऽऽ आले’. आणि येत मात्र नाही. तिसरा ‘हो’ कॉम्प्युटरसाठी राखीव आहे: ‘हो का? असं का? बघतेच आता तुला.’ हा तिसरा ऐकू आला की मी दारावर टिचकीसुद्धा मारत नाही.

ताई सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि बहुतेक दिवस घरूनच काम करते. आईच्या मते ती ‘खुर्चीत बसते’. थोरली काय करते असं कुणी विचारलं की आई म्हणते, “कॉम्प्युटरमध्ये आहे.” जणू पोर आत अडकलीय आणि आम्ही सगळे मिळून तिला बाहेर ओढतोय.

ताईच्या साहेबांचं नाव मी ‘छोटंसंसाहेब’ ठेवलंय. त्यांची नक्कल मला सगळ्यात झकास जमते. मान जराशी कलती करायची, आवाज लोण्यात बुडवायचा आणि म्हणायचं, “काही नाही गं, एकच छोटंसं होतं.” साहेबांचं छोटंसं म्हणजे, घर बांधून झालं, रंग देऊन झाला, आता फक्त जिना तेवढा डावीकडून उजवीकडे घ्यायचा. ताई ‘हो हो, हो हो’ म्हणते, फोन ठेवते आणि उशीत तोंड खुपसून ओरडते. उशी त्यासाठीच खुर्चीजवळ ठेवलेली असते.

ताईच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये एक म्यूटमहाराज पण असतात. माणूस हुशार आहे म्हणे, पण बोलायला सुरुवात करताना माइक चालू करायचं कधी म्हणजे कधी लक्षात राहत नाही. ओठ हलताहेत, हातवारे चाललेत, बाकीचे बोंबलताहेत, “आवाज येत नाहीये! आवाज येत नाहीये!” शेवटी आवाज येतो तेव्हा महाराज म्हणत असतात, “...बस, एवढंच सांगायचं होतं.”

तर गेलं वर्षभर ताई एकच काम करत होती. शहरात जागोजागी शाखा असलेला एक दातांचा दवाखाना आहे. आईची दाढ तिथेच भरली. त्या दवाखान्यासाठी ताईनं एकटीनं एक प्रोग्रॅम लिहिला. कुणी कधी यायचं, कुणाची दाढ अर्धी राहिलीय, कोण सहा महिने फिरकलाच नाही, हे सगळं त्यात असतं आणि तो पेशंटना आठवणीचे मेसेज पाठवतो. ताई त्याच्याबद्दल बोलायची तेव्हा आम्हाला वाटायचं, घरात बाळ आहे. “आज शहाण्यासारखा चालला.” “काल रात्री हट्टच धरला त्यानं.”

पण दवाखान्याच्या मालकीणबाईंनी, म्हणजे दातवाल्या मॅडमनी, बाहेरचा एक तयार प्रोग्रॅमसुद्धा बघून ठेवला होता. आठवडाभर ताईचा प्रोग्रॅम आमच्या जवळच्या शाखेत चालवून बघायचा. पटला तर ठेवायचा, नाहीतर तयार आणायचा आणि ताईचं वर्ष केराच्या टोपलीत. त्या आठवड्यात ताईनं नखं इतकी खाल्ली की आई म्हणाली, “जेवण कशाला करू मग मी?”

आता यात एक भानगड समजून घ्यायला हवी. प्रोग्रॅमच्या दोन प्रती असतात, एक खरी आणि एक सरावाची. सरावाच्या प्रतीत पेशंट खोटे. ताईनं त्यांची नावं बटाटा, कोबी, दुसरा बटाटा अशी ठेवली होती. त्यांना हवे ते मेसेज पाठवून बघायचे, म्हणजे नीट जाताहेत की नाही ते कळतं. पण रोज नवीन काय लिहिणार? लोक ‘अबक’ लिहितात, ‘चाचणी एक’ लिहितात. ताई भिंतीतून जे ऐकू येईल ते लिहायची. आणि आमच्या भिंतीतून फक्त आई ऐकू येते.

त्यामुळे सरावाच्या प्रतीत बटाट्याला मेसेज जायचा, “येतेस की मी येऊ तिकडे?” कोबीला जायचा, “पाठ सरळ कर, आत्ताच म्हातारी झालीस.” आणि दुसऱ्या बटाट्याला, “एवढं काय आहे त्या फोनमध्ये?” प्रोग्रॅम त्यातलं एकेक वाक्य उचलून एकेकाला पाठवायचा. ताई खुदुखुदु हसायची. कामाच्या दिवसातली तेवढीच काय ती मजा.

दोन्ही प्रती दिसायला हुबेहूब सारख्या. म्हणून ताईनं खऱ्या प्रतीच्या डोक्यावर एक जाड लाल पट्टी ओढून ठेवली होती. लाल दिसलं की हात आवरायचा. साधी गोष्ट. पण त्याच आठवड्यात फोन आला. मान कलती, आवाज लोण्यात.

“एकच छोटंसं होतं गं. ती लाल पट्टी काढता येईल का? मॅडमना आवडायची नाही. दातांचा धंदा, त्यात लाल म्हणजे रक्तबिक्त वाटतं.”

“सर, ती मुद्दाम ठेवलीय. चुकून...”

“अगं, तुझ्या हातून कसली चूक होतेय!”

“हो हो, हो हो,” ताई म्हणाली. मग उशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई भाजी निवडत होती, बाबा टीव्हीवर बातम्या बघत होते, मी अभ्यास करत असल्यासारखी दिसत होते. आईचा फोन वाजला. आई मेसेज मनात वाचत नाही. तिच्या मते मनात वाचलं की नीट कळत नाही. तिनं चष्मा लावला आणि खणखणीत वाचलं, “‘किती हाका मारायच्या? कान आहेत की भोकं?’”



“कोण आहे हा मेला?” आई म्हणाली. “थांब, नाव आहे खाली. दातांचा दवाखाना! दवाखाना आहे का कुस्तीचा आखाडा? काय ही भाषा! याच्या आईनं काही वळणच लावलेलं नाही. घरात हेच ऐकत मोठा झाला असणार, दुसरं काय!”

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आतलं टकटक थांबलं होतं. दार उघडलं आणि ताई बाहेर आली, पांढरीफटक. “आई, दाखव बघू.”

“बघ तू! तूच सांग, आपल्या घरात असं कुणी बोलतं का कुणाशी?”

ताई फोनकडे बघत खाली बसली, खुर्ची नव्हती तिथेच, जमिनीवर. “आई, हे मी पाठवलंय.”

“मला?”

“सगळ्यांना. त्या शाखेतल्या सगळ्या पेशंटना. मला वाटलं बटाट्यांना जातंय.”

“कुठल्या बटाट्यांना? आणि जन्मदात्या आईला भोकं म्हणतेस?”

“आई, ते तुझंच वाक्य आहे.”

“माझं? मी कधी बोलले असं? काहीतरीच तुझं!”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जीभ ताब्यात राहिली तर मी कसली! मी पदर नसताना पदर खोचला, कमरेवर हात ठेवला आणि आईच्या आवाजात, तिच्या पट्टीत, ‘कान’वर जोर देऊन ते वाक्य म्हटलं. बाबांनी टीव्ही बंद केला. आई माझ्याकडे बघतच राहिली, आरशातलं कुणीतरी बोलल्यासारखी.

“मी... अशी बोलते?”

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

त्या रात्री आईनं हाक मारली नाही. दारात येऊन हळूच म्हणाली, “जेवण तयार आहे. सवडीनं ये.” ताई म्हणाली, “आई, नीट ओरड ना गं.” आई म्हणाली, “नको बाई, कुणीतरी लिहून घ्यायचं.”

सकाळी ताईची मीटिंग होती. ताईच्या ऑफिसात एक पद्धत आहे: काही बिघडलं की सगळ्यांनी जमायचं आणि कुणालाही दोष द्यायचा नाही. काय झालं ते शोधायचं, कोणी केलं ते नाही. ऐकायला किती छान वाटतं! मी त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात. एक टॉवेल मी सात-आठ वेळा तरी घडी केला असेल.

छोटंसंसाहेबांनी सुरुवात केली. “आपण इथे कुणालाही दोष द्यायला जमलेलो नाही. कुणाच्या हातून झालं हे महत्त्वाचंच नाही. फक्त ज्यांच्या हातून झालं, त्यांनी जरा सांगावं.”

“बटण मी दाबलं,” ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “लाल पट्टी असती तर दाबलं नसतं.”

दातवाल्या मॅडम पण होत्या. त्यांची बोलायची तऱ्हा मी तिथल्या तिथे उचलली. त्या प्रश्न विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत. समोरच्याच्या तोंडात कायम कापूस, त्यामुळे ती सवयच गेलेली. “मग पट्टी का काढलीत? काढायची काय गरज होती? असल्या गोष्टी काढतात का?”

ताईनं उशीकडे बघितलं. तिला एका वाक्यात मोकळं होता आलं असतं, पण ती ओठ दाबून बसली. साहेब घसा खाकरत म्हणाले, “पद्धतीत सुधारणेला वाव आहे.”

तेवढ्यात म्यूटमहाराजांचे ओठ हलायला लागले. हातवारे सुरू झाले. “आवाज येत नाहीये!” सगळे ओरडले. महाराजांनी बटण शोधलं, आणि आवाज आला, “...साहेबांनीच काढायला लावली ना, मॅडमना लाल आवडत नाही म्हणून. बस, एवढंच सांगायचं होतं.”

“मला?” मॅडम म्हणाल्या. “मी कधी म्हटलं? माझ्या दवाखान्यातल्या खुर्च्या लाल आहेत.”

साहेबांचं चित्र तेव्हाच गोठलं. नेट गेलं की साहेब स्वतःच हलायचे थांबले, ते अजून कळलेलं नाही.

मॅडम पुढे बोलायला लागल्या. “काल दुपारपासून फोन वाजतोय. एक निवृत्त पोलीस आलेत, मला ‘येतेस’ म्हणणारा कोण ते दाखवा म्हणतात. एक बाई आल्या, माझी पाठ वाकलेली आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं म्हणून. जे सहा महिने फिरकले नव्हते ते भांडायला आले. आता भांडायचं म्हणजे तोंड उघडावं लागतं. आमच्या डॉक्टरनी आत बघून घेतलं. पोलिसांच्या दोन दाढा किडल्यात. दुपारचीच वेळ दिली.”

ताईनं नख तोंडातून काढलं.

“त्या तयार प्रोग्रॅमवाल्यांचे मेसेज मी काल वाचले. मलाच पेंग आली. हा ठेवते. पण लाल पट्टी आजच्या आज परत लावा, लोकांची माफी मागा, आणि असलं पुन्हा झालं तर माझ्याइतकं वाईट कुणी नाही. ती वाक्यं कुणाची होती?”

“माझ्या आईची.”

“वाटलंच,” मॅडम म्हणाल्या. “माझीही अशीच आहे.”

माफीचा मेसेज साहेबांनी लिहून ताईकडे पाठवला: ‘तांत्रिक कारणास्तव झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ ताईनं तो आईला वाचून दाखवला.

“यात माफी कुठे आहे?” आई म्हणाली. “आणि हे ‘आम्ही’ कोण? बोलले मी ना? मग मी मागते. घे लिहून.” भाजीचे हात पुसून ती ताईच्या खुर्चीत बसली. खुर्चीत बसून कंबर किती दुखते हे तिला तेव्हा कळलं असावं, कारण तिनं ताईच्या पाठीला टेकायची गादी गुपचूप नीट केली. मग सांगितलं, “‘काल जरा चढ्या आवाजात बोलले. वाईट वाटून घेऊ नका. पण दाढ तुमची आहे, ठणकली की तुम्हीच रडणार, मी नाही. तेव्हा वेळेवर या.’”

ताईनं एक अक्षर बदललं नाही. “आई, वर काय दिसतंय?”

“लाल पट्टी.”

“म्हणजे हे खऱ्या माणसांना जाणार. बटाट्यांना नाही. दाबू?”

“मी दाबते,” आई म्हणाली, आणि दारावरची बेल दाबावी तसं दाबलं.

ती स्वयंपाकघरात पोचते न पोचते तोच तिचा फोन वाजला. तिनं चष्मा लावला आणि अख्खा मेसेज खणखणीत वाचला, शेवटच्या ‘या’पर्यंत.

“हं,” ती म्हणाली, “आता कसा माणसासारखा बोलला. आईनं झापलं असणार घरी.”

मग फोन ठेवला, पदर खोचला आणि भिंतीकडे तोंड करून पूर्वीसारखी ओरडली, “जेवायला येतेस की मी येऊ तिकडे?”

“होऽऽऽ आले,” आतून आवाज आला.

आम्ही तिघं जेवायला बसलो.