देव्हाऱ्यातला पळता माणूस

लग्न होऊन खालापुराजवळ सासरी आले त्याला चार महिने झाले होते. तेवढ्यात माझ्या हातून दोन घागरींना पोचे आले होते आणि दूध उतू जाऊन एकदा चूल विझली होती. म्हणून नवरात्राआधी सासूबाई "देव उजळून घे गं" म्हणाल्या तेव्हा मी ठरवलं, आता कोणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही. दुसऱ्या मोठ्या लढाईपायी बाजारात काही मिळत नव्हतं, पण चिंच आणि राख घरचीच होती.

देव्हाऱ्यात पाच टाक आणि कडेला एक गोल, काळा देव. कुंकवातेलाचा थर एवढा की तो कोण हे कळायचं नाही. सासूबाईंच्या सासूनं बसवलेला, म्हणजे कुळाचाच असणार. त्यालाच मी सगळ्यांत जास्त घासलं.

आधी एक पाय निघाला. मग दुसरा. मग आखूड चड्डीतला आख्खा माणूस, तोही पळणारा. मागे परकी अक्षरं. कुळाचा देव मी घासून बिघडवला! आता सासूबाई मला माहेरी कर्जतला धाडणार, आणि आई तोंड कुठे लपवणार? मला रडू फुटलं.

ते ऐकून सासूबाई आल्या. देव उलटासुलटा करून नुसत्या बघत राहिल्या. तेवढ्यात मामंजी शेतावरून आले. मी पदर सारखा करून भिंतीला चिकटले. त्यांनी तो पाहिला आणि सासूबाईंच्या हातातून काढूनच घेतला.

"ह्यो माजा हाय. फ्रान्सातला."

पहिल्या लढाईत मामंजी तिकडे खेचरं सांभाळायला होते. लढाई थांबल्यावर तिथल्या एका गावानं छावणीतल्या माणसांच्या शर्यती लावल्या. बूट चावत म्हणून मामंजी अनवाणी पळाले आणि पहिले आले, त्याचा हा काशाचा बिल्ला. घरी पोचल्यावर तो गठुड्यातून नाहीसा झाला. "बिल्ला दाखव की रं" म्हणून गावानं त्यांना थापाड्या ठरवलं, आणि त्यांनी विषयच सोडला. पूजा बायकांची, ते दारातूनच हात जोडत. आपला पोरगा जिवंत आणणारा देव समजून त्यांच्या आईनंच तो देवांत ठेवला असणार, दुसरं कोण?

सासूबाई देव्हाऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे वळल्या.

"मंग इतकी वर्सं मी कुकू कोनाला वायलं वो?"

"मलाच," मामंजी म्हणाले.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत. पण त्या हसत होत्या, खांदे गदगदा हलेपर्यंत. मग मीही हसले, चक्क सासऱ्यांसमोर. छातीवरचा धोंडाच उतरला माझ्या.

मामंजी बिल्ला घेऊन तसेच चिखलाच्या पायांनी गावात गेले. दिवेलागणीला परतले ते ओटीवर थांबले. तोवर ते माझ्याशी थेट कधी बोललेच नव्हते.

"पोरी," ते म्हणाले, "तू घासला नसतास, तं मी खोटाच मेलो आसतो."