सरांचा नवा पदार्थ

आमच्या सरांना पूजेचा भारी सोस. खंडेनवमीला यवतमाळच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेची पूजा होते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नेरजवळच्या आमच्या शेतात बाबा फवारणीच्या पंपाला कुंकू लावतात, तेव्हा मीही हात जोडते. पण पंपाचं कुंकू कपाशीला बाधत नाही. त्या वर्षी सरांनी हीटरला कुंकू लावलं, वजनकाट्याला लावलं, आणि ज्या काचपट्ट्यांवर माझी पीएचडी टांगलेली होती, त्यांनाही एकेक बोट लावून मोकळे झाले!

"सर, हे काय करून राह्यले तुमी?"

"अवं, चांगलं असते. थांब, पुसून देतो." मानेचा घाम पुसायचा रुमाल काढून त्यांनी पट्ट्या खसाखसा पुसल्या. "आता दिसते का काही?"

डोंबल दिसणार! तापल्या काचेवर झिंकचं द्रावण फवारून मी चढवलेला थरच डोळ्याला धड दिसत नव्हता. पण तपासणीचं यंत्र दुसऱ्या शहरात, त्याचा नंबर मोठ्या मिनतवारीनं लागलेला. नव्या पट्ट्या करायला सवड नव्हती, म्हणून त्याच पाठवल्या.

एक्स-किरण नेहमीसारखे टाकले की ते असला पातळ थर भेदून काचेत शिरतात आणि आलेखावर काचेचाच फुगवटा येतो. म्हणून ते अगदी निसटते, जवळजवळ आडवे सोडायचे. तळ्यात चपटा दगड आडवा फेकला की तो पाण्याच्या वरवरूनच जातो, तसं. मग पृष्ठभागावर जे असेल त्याचीच शिखरं आलेखावर उमटतात, आणि शिखरांच्या जागेवरून पदार्थ ओळखता येतो.

आलेख आला. माझ्या झिंक ऑक्साइडची शिखरं त्यात होती. मला आनंदानं रडूच फुटलं. पण त्यांच्या अलीकडे आणखी एक शिखर उभं होतं, झिंकशी काडीचा संबंध नसलेलं.

"नवा पदार्थ सापडला, बाई!" सर खुर्चीतून उठलेच. ज्या माणसानं जन्मात एक काचपट्टी धुतली नाही, त्यानं स्टाफरूमला चहा पाजून शोध जाहीर केला. वर मला बजावलं, "प्रबंधाच्या नावातच घाल. नाही तर माही सही विसर."

म्हणजे खोटं यांचं, आणि छापायचं माझ्या नावावर! बाहेरच्या परीक्षकानं पहिल्याच पानावर माझी सालटी काढली असती. माझा संशय पहिल्यापासून त्या बोटावर होता. कुंकवात चुना असतो, नाहीतर खडूची भुकटी, आणि त्यांचंही शिखर उमटतं. मी कोरी काच घेतली, त्याच करंड्यातलं कुंकू लावलं आणि पुसलं. दुसरीकडे नवा थर चढवला आणि कुलूप लावून ठेवला. दोन्ही पट्ट्या तपासायला गेल्या.

पुन्हा नंबर लागेपर्यंत सर माझ्याशी धड बोलले नाहीत. शेवटी आलेख आले, ते मी त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. कोऱ्या काचेवर ते शिखर त्याच जागी ठणठणीत उभं होतं. नव्या थरावर त्याचा मागमूस नव्हता.

सरांनी दोन्ही आलेखांवरून बोट फिरवलं. मग खिन्न आवाजात म्हणाले, "बिना पूजेचं पाठवलं नं तू. म्हणून गेलं ते."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं अचूक वाक्य. मी मान डोलावली आणि सहीसाठी पेन पुढे केला.