दाजी आणि त्यांचा डबा कॅमेरा

सबंध सोलापुरात एकही चूक न करता जगलेला एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमच्या दाजींच्या हातून कधी काही बिघडलं नाही. बिघडली ती हत्यारं. दाढी करताना गाल कापला तर वस्तरा हलक्या लोखंडाचा निघे. सायकलवरून पडले तेव्हा गुडघ्यातून रक्त वाहत असतानाच त्यांनी मला हँडल मुळातच कसं वाकडं आहे ते समजावलं, आणि ज्या भिंतीवर ते आदळले होते तिलाही दोन शब्द सुनावले. शनिवारच्या भजनात त्यांचे टाळ सगळ्यांच्या एक मात्रा पुढे पळायचे. बुवांनी डोळे वटारले, तर पुढच्या शनिवारी दाजी नवे, जड टाळ घेऊन हजर. ते दोन मात्रा पुढे पळाले. "हत्यार चांगलं पायजे, मास्तर. मानूस काय, मानूस असतोच की," हे त्यांचं तत्त्वज्ञान. मी प्राथमिक शाळेतला मास्तर, दिवसभर पोरांवर ओरडून घसा बसलेला, तरी हे ऐकलं की माझा आवाज पुन्हा फुटायचा. माझ्या आयुष्यातला निम्मा राग मी या एका माणसावर खर्च केला, आणि तो सगळा वाया गेला. कारण दाजी उलट रागावत नसत. समजूतदारपणे मान हलवून ते आक्काला म्हणत, "मास्तरला पानी दे जरा."

अशा माणसाच्या हाती कॅमेरा पडायला नको होता. दाजी गिरणीत कारकून होते. तिथला एक साहेब विलायतेला परत जाताना आपला जुना डबा कॅमेरा त्यांना देऊन गेला. त्या साहेबाला मी अजून माफ केलेलं नाही. चहाच्या डब्याएवढा काळा चौकोन. पोटाशी धरायचा, वरच्या इवल्याशा काचेत मान घालून बघायचं आणि खटका दाबायचा. शिकायचं असं त्यात फारसं नव्हतंच, म्हणून दाजींनी काहीच शिकून घेतलं नाही. गिरणी सुटली की संध्याकाळी अंगणात माणसं बसवायची आणि खटके ओढायचे. सहा महिन्यांत त्यांनी आक्काला काढलं, मला काढलं, शेजारच्या तेलुगू विणकराचं अख्खं कुटुंब काढलं, आणि सगळ्यांची तोंडं कोळशासारखी काळी आली. शेजारीण स्वतःचा फोटो बघून नवऱ्याला म्हणाली, "यातली मी कुठली?" दाजींचं निदान तयारच होतं. "या कॅमेऱ्याला उजेड पुरत न्हाय." सोलापुरात उजेड पुरत नाही! जिथं चैत्रात अंगणातला तांब्या हातात धरवत नाही, तिथं! मी त्या दिवशी चहा तसाच टाकून घरी निघून गेलो.

पण हा सगळा पोरखेळ होता तोवर मी सोसला. मग शेवंताच्या लग्नाचं निघालं. शेवंता आक्काची एकुलती एक, माझी भाची. पोर मराठी सातवी पास झालेली, हसरी, घरात आली की घर भरल्यासारखं वाटावं अशी. बार्शीच्या एका बऱ्या घराण्यानं फोटो मागितला आणि दाजींनी काढून पाठवला. पंधरा दिवसांनी फोटो परत आला, सोबत चार ओळी: मुलीचा रंग फोटोतल्यासारखाच असेल तर आमचा विचार नाही. मला त्या बार्शीकरांचाही संताप आला. पोरगी काय रंग बघून पारखायचं कापड आहे? पण खरा संताप आला तो दाजींचा. पोरीची काहीएक चूक नसताना तिला नकार आला होता, ती दोन दिवस चुलीपुढून उठली नाही, आणि हा बाप म्हणत होता, "बघा मास्तर, म्या सांगत हुतो. म्हैस इकून टाकतो आन् भात्याचा, मोठ्या भिंगाचा कॅमेरा आनतो."

"फोटोवाल्याकडे न्या तिला!" मी ओरडलो. "बाजारात दोन-दोन बसलेत!"

"सोताच्या लेकीचा फोटू दुसऱ्याकडनं?" दाजी खरोखरच दुखावले. "ते न्हाय जमायचं."

इकडे अक्कलकोटचं दुसरं स्थळ आलं होतं. मध्यस्थ सोमवारी सकाळी फोटो घेऊन जाणार होता, आणि गुरुवारी संध्याकाळी दाजी म्हशीचं गिऱ्हाईक ठरवून आले. त्या संध्याकाळी मी जे बोललो ते मास्तरानं बोलू नये असं होतं. कॅमेरा उकिरड्यावर फेका म्हणालो, तुमच्यापायी पोर घरात बसेल म्हणालो. आक्का पदर तोंडाला लावून उभी. तेवढ्यात शेवंता सगळे फोटो ओच्यात घेऊन बाहेर आली आणि ओट्यावर मांडत बसली.

"मामा, ह्ये बघा. आई काळी, तुमी काळं, मी काळी. आन् ही बघा आपली म्हैस."

रोलमधला शेवटचा फोटो वाया जाऊ नये म्हणून दाजींनी एकदा म्हैस काढली होती. ती लख्ख आली होती. डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसत होतं.

"म्हशीला कुनी पाटावर बसवलं न्हवतं," शेवंता म्हणाली. "ती मावळतीकडं तोंड करून हुबी हुती."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. चांगल्या कामाला माणूस पूर्वेकडे तोंड करून बसतो, म्हणून दाजी प्रत्येकाला संध्याकाळी पूर्वेकडे तोंड करून बसवत होते. ऊन सगळं पाठीवर, तोंडावर अंधार. आणि पाट मांडायला मदत कोणी केली होती? दर वेळी मीच. मला इतका राग आला की आता तो कोणावर काढावा हेच कळेना.

आक्का कुरकुरली, "लग्नाच्या कामाला मावळतीकडं बसवायची पोरीला?" मी तिच्यावरही ओरडलो. शुक्रवारी दाजी गिरणीतून आले आणि शेवंता आक्काचं हिरवं लुगडं नेसून मावळतीकडे तोंड करून बसली. दाजींनी डबा पोटाशी धरला, काचेत मान घातली आणि तसेच राहिले. आजवर त्या काचेत त्यांना नुसत्या काळ्या आकृत्या दिसल्या होत्या.

"दाबा की!" मी खेकसलो.

खटका वाजेना. मी जवळ गेलो. दाजी मान वर न करता म्हणाले, "मास्तर, ही एवढी मोठी कवा झाली?"

मी पाटावरच्या शेवंताकडे पाहिलं.

"ह्यो फोटू लई चांगला येनार," ते म्हणाले. "त्ये लोक व्हय म्हनतील."

एवढ्या वर्षांत या माणसावर ओरडण्याची एकही संधी मी सोडली नव्हती. ही मात्र सोडली. दाजींनीही पहिल्यांदाच कॅमेऱ्याला काही नाव ठेवलं नाही.

"ऊन उतरतंय, दाजी," मी हळूच म्हटलं.

त्यांनी श्वास रोखला आणि खटका दाबला. अक्कलकोटकरांचा होकार आठ दिवसांतच आला.