टिकारामच्या गोठ्याचा नियम

सालेकशाजवळच्या त्या गावात टिकारामच्या गोठ्याइतका स्वच्छ गोठा नव्हता, आणि हे गावाला कळावं म्हणून त्याच्याइतकी खटपटही कुणी केली नसती. २००७ साली तो दुधाच्या धंद्याचं प्रशिक्षण घेऊन आला आणि गोठ्याच्या दारात त्यानं धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचं घमेलं ठेवलं. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही. व्याह्यांनाही सूट नाही. बिचारे कोरे करकरीत जोडे घालून गोठा बघायला आले होते, ते बाहेरच चहा पिऊन परतले. बायको पुष्पांजलीनं कितीतरी दिवस अबोला धरला.

सूट एकालाच होती, खुद्द टिकारामला. घरच्या धन्यानं आपल्याच दारात पाय कशाला धुवायचे?

दिवाळीत गायगोधनाच्या सणाला गावची जनावरं आखरावर, गुरं जमवायच्या मोकळ्या जागेवर, जमली. टिकारामनं आपल्या तीन गाई पाठवल्या नाहीत. मग गावातल्या मंगरूच्या बैलाला लाळ सुटली, खुरांत जखमा झाल्या. लाळ्या-खुरकूत! टिकारामला भलताच हुरूप आला. मंगरूच्या गोठ्यात शिरून त्यानं बैलाचा जबडा स्वतःच्या हातानं उघडून सगळ्यांना फोड दाखवले. आजारी जनावर वेगळं बांधा, त्या गोठ्यात पाय टाकू नका, असं घसा बसेपर्यंत सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. टिकाराम तिथून तडक घरी येऊन धार काढायला बसला.

काही दिवसांतच त्याच्या तिन्ही गाई लाळ गाळू लागल्या. लाडकी चंदरी तर चाऱ्याला तोंड लावेना. ती जाते की राहते, या धास्तीनं टिकारामचा जीव अर्धा झाला.

"त्या जागेश्वरनंच आणला असंल रोग," तो बालमित्रावर घसरला.

"तो कवा आला?" पुष्पांजली म्हणाली. "मंगरूकडून येऊन सीधे गाईपाशी कोन बसला? तुमीच नं!"



संध्याकाळी जागेश्वर आला. गाईंची तोंडं धुवायला आणलेली तुरटीची पुडी त्यानं कुंपणावर ठेवली आणि रस्त्यावरच उभा राहिला.

"आत ये गा," टिकाराम म्हणाला. आज त्याला कुणीतरी जवळ हवं होतं.

"नाही येत गा. माह्या घरी दुभती म्हैस आहे. बिमार गोठ्यात पाय टाकू नोको म्हणून तूच त सांगतलास."

टिकारामनं त्यात टोमणा शोधून पाहिला. नव्हता. त्याचा शब्द पाळणारा खरा शिष्य शेवटी त्याला मिळाला होता, आणि तो घरी निघाला होता.