खिळ्यावरचा डबा

आमच्या घरात सगळ्यात मोठं भांडण झालं ते एका डब्याच्या जागेवरून. डबा साधाच, स्टीलचा, चहापत्तीचा असतो तेवढा. आत काचेच्या दोन कुप्या, सिरिंजा आणि थोडा कापूस. मी म्हणत होते, दाराजवळ खिळ्याला टांगू. आई म्हणत होती, कपाटात ठेवू.

"दाराशी? येनारा-जानारा विचारीन ना, हे काय हाय म्हनून!"

"विचारू दे."

"तुले काय जाते बोलाले. मले या पाऱ्यात, साऱ्या मोहल्ल्यात तोंड दाखवाचं हाय."

कुप्यांमध्ये नालॉक्सोन होतं. नशेच्या सुईचा डोस जास्त झाला की माणसाचा श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात. तेव्हा हे औषध दंडात किंवा मांडीत टोचलं तर श्वास परत येऊ शकतो. आमच्याकडे ते होतं माझ्या धाकट्या भावासाठी. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा मला मंत्रालयात नोकरी लागली आणि त्याला उरला या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये. तिथे त्याची पाठ दुखावली. दुखणं थांबावं म्हणून कुणीतरी सुई दिली. पाठ बरी झाली, सुई सुटली नाही. पुढे नोकरीही गेली. मला त्याचा भयंकर राग यायचा, आणि तो जेवायला बसला की जास्तीचा भातही मीच वाढायचे.

हे औषध दुकानात मागितलं तर दुकानदार आधी आपल्याला खालून वर न्याहाळायचा, मग नाही म्हणायचा. पण नशा करणाऱ्यांसाठी शहरात एक केंद्र निघालं होतं. तिथले डॉक्टर घरच्या माणसांना शिकवून कुप्या देत. मी गेले. तिथल्या नर्सदीदीने आम्हाला जमिनीवर बसवून शिकवलं. खांदा हलवून हाक मारा, अॅम्ब्युलन्स बोलवा, तोंडाने श्वास द्या, कुपी फोडून टोचा, कुशीवर वळवा. औषधाचा असर उतरतो, म्हणून माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्याच. निघताना ती म्हणाली, "दीदी, ऐसी जगह रखना जहाँ घर में किसी का भी हाथ पहुँचे."

भांडणात आई जिंकली. डबा लोखंडी कपाटात, तिच्या दागिन्यांशेजारी गेला आणि चाव्यांचा जुडगा तिच्या कमरेला. आई रीतीची पक्की. कुणाचा डबा ती रिकामा परत पाठवत नसे. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. कुंकू लावून घेतल्याशिवाय कुणाच्या घरून उठत नसे. बुढापारा या आमच्या मोहल्ल्यात आमच्यासारखी मराठी घरं थोडी, त्यामुळे सगळ्यांचं सगळ्यांकडे लक्ष असायचं.

संक्रांतीनंतरचे हळदीकुंकवाचे दिवस होते. रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा एका लग्नासाठी नागपूरला गेले होते. आई दुपारी मागच्या गल्लीत हळदीकुंकवाला गेली होती. मी सुट्टी घेऊन घरीच होते. भावाला चहाला हाक मारली, ओ आली नाही. आत जाऊन पाहते तर तो भिंतीशी कलंडलेला, ओठ निळे, आणि घशातून घरघर.

मी अॅम्ब्युलन्सला फोन केला. आईला केला, तिने उचलला नाही. वरवंटा घेऊन कपाटाच्या मुठीवर घाव घातले. कपाटाला पोचा आला, ते उघडलं नाही. खिडकीतून समोरच्या दुकानवाल्या भैयाला ओरडून सांगितलं, आईकडून चाबी घेऊन या, आणि भावाजवळ बसून त्याच्या तोंडात श्वास भरत राहिले. छाती वर यायची, खाली जायची. ती मी थांबले की थांबायची.

आई आली तेव्हा तिच्या कपाळावर ताजं कुंकू होतं आणि हातात वाण. मी कुपी फोडली, टोचलं, पुन्हा श्वास दिले. दुसरीही टोचली. मग अॅम्ब्युलन्सची माणसं आली आणि त्यांनी मला बाजूला केलं. माझा भाऊ वाचला नाही.

तेराव्यानंतर आईने आपणहून सांगितलं. "भैया दारातून वरडला, ताई चाबी माँग रही है. मले समजलं होतं. पन साऱ्या माह्याकडे पाहून राहिल्या होत्या. कुंकू न घेता उठली असती तं विचारलं असतं, काहून? म्हनून बसली मी. कुंकू लावेपर्यंत बसली."

तेवढा वेळ वाचला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी आईवर ओरडले नाही. ओरडावंसं फार वाटलं होतं. तिने त्या दिवसापासून चहात साखर घेणं सोडलं.

एक संक्रांत सुनी गेली. पुढच्या संक्रांतीला आईने स्वतः घरोघर जाऊन बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. त्या आल्या आणि अवघडून बसल्या. कुंकवाआधी आईने सतरंजीवर एक लोड आडवा ठेवला आणि नर्सदीदीला पुढे बसवलं. त्या लोडावर प्रत्येकीने हाक मारायला, कुशीवर वळवायला, टोचायला शिकायचं, मग कुंकू.

एकजण म्हणाली, "आमच्या घरी असलं काही नाही हो."

"आमच्या घरी बी नव्हतं," आई म्हणाली.

मग एकेक पुढे सरकली. त्या संध्याकाळी केंद्रातून आणलेल्या नव्या कुप्यांचा डबा व्हरांड्यात खिळ्याला टांगला गेला. फाटकाला कुलूप लावायचं नाही, असं आईने बाबांना बजावलं.

डबा बरेच महिने तसाच लटकत होता. येणारेजाणारे बघायचे आणि नजर वळवायचे. मला वाटायचं, उगीच टांगलाय. मग एका सकाळी खिळा रिकामा दिसला. मी विचारपूस करायला निघाले, तर आईने हात धरला. "कोनाले विचारू नको. ज्याले लागला त्यानं नेला."

दोन दिवस ती व्हरांड्यातच बसून होती. भाजी तिथेच निवडायची, जेवायचीही तिथेच. तिसऱ्या दिवशी ती तळ्याकाठच्या देवळातून परतली तेव्हा डबा खिळ्यावर होता. तिने तो काढून उघडला. एक कुपी कमी होती. दुसरीशेजारी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली लहानशी पुडी होती. पुडीत साखर होती.

"सुतकाच्या घरून साखर येत नाही," आई म्हणाली, आणि पायरीवरच बसली. "वाचला वं. कोनाचा तरी वाचला."

मी चहा केला, नेहमीसारखा तिचा बिनसाखरेचा. तिने पुडी सोडली आणि ती साखर आपल्या कपात घातली.