मावशीनं धरलेली जागा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही – आणि तिला तर मी भाजीवाल्याशी घातलेली हुज्जतही घरी येऊन शब्दन् शब्द ऐकवतो. मग हेच का राहिलं? कारण यात भांडण नव्हतं, आवाज चढला नव्हता. मी बोललो ते सगळं गोडच होतं. लोकांनी माना डोलावल्या होत्या.

आधी थोडं माझ्याबद्दल. पुण्यातल्या एका स्टुडिओत मी बरीच वर्षं अ‍ॅनिमेशन केलं. म्हणजे काय, तर पात्राच्या मुख्य हालचाली मोठे कलाकार काढायचे आणि मधली चित्रं मी भरायचो. हात वर, हात खाली – मधला हात माझा. स्टुडिओ बंद पडला, मी संभाजीनगरला परतलो, आणि मुकुंदवाडीतल्या घराच्या वरच्या खोलीत दर रविवारी हौशी मंडळी जमवायला लागलो. कुणी शिक्षक, कुणी कंपनीत इंजिनिअर, एकाचं सराफ्यात दुकान. आपण केलेलं हलतं चित्र भिंतीवर लावायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं. नियम माझाच: आधी आवडलेली एक गोष्ट सांगायची, मग एक दुरुस्ती. नवशिक्याचं मन मोडायचं नाही. नियम चांगला होता, अजूनही आहे. आणि वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा त्या खोलीत मी ‘सर’ होतो.

तिथं वैशाली यायची. दातांची डॉक्टर, माहेर गंगापूरचं, ऊसवाल्या मोठ्या घरातलं. हात चित्रकाराचा नव्हता. तिच्या माणसांची बोटं भेंड्यांसारखी दिसायची. पण तिची नजर! खुर्चीत घाबरून बसलेला पेशंट आधी चप्पल काढू की नको याचा विचार कसा करतो, हे ती असं करून दाखवायची की आम्ही पोट धरून हसायचो. असं बघणं शिकवता येत नाही. मला तर ते कधीच आलं नाही.

एका रविवारी तिनं मावशी आणली.

भिंतीवर लग्नातली पंगत. एक जाडजूड बाई येते, निऱ्या जरा उचलते, एक हात गुडघ्यावर ठेवते, दुसऱ्यानं जमीन चाचपते आणि हळूच खाली बसते. बसताना शेवटचा वीतभर देह आपसूक पडतो ना, तोसुद्धा होता. एवढंच असतं तरी मी पाठ थोपटली असती. पण मग ती शेजारच्या रिकाम्या जागेवर तळवा ठेवते. ठेवूनच देते. कुणीतरी तिथं बसायला येतं. ती नुसती मान हलवते, हात हलत नाही. डोळे दाराकडे. बाकी सगळं शरीर स्थिर, आणि तरी तुम्हाला कळतं की ही बाई वाट बघतेय, आणि गरज पडली तर भांडेल.

मी विचारलं, “जागा कुणासाठी धरलीय?”

“माझ्यासाठीच की, सर. मी हात धुवायला गेले की मावशी अशीच बसायची. नवरदेवाचा बाप आला तरी हात नाय उचलायची.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खोटं कशाला सांगू? इतक्या वर्षांच्या नोकरीत मी काढलेली एकही हालचाल कुणाच्या लक्षात राहिली नसेल, आणि हिनं काढलेल्या भेंडीसारख्या बोटांत एक अख्खं माणूस बसलं होतं. वैशाली म्हणाली, “हे पुण्याच्या एका स्टुडिओला पाठवतेय. त्यांना माणूस पाहिजे. जमलं तर दवाखाना अर्धाच दिवस ठेवीन. तुम्ही फक्त चुकलेलं सांगा, लई लाड करू नका.”

आणि मी – मी काय केलं? नियम पाळला. आधी कौतुक. म्हणालो, बसणं अप्रतिम आहे, वजन जाणवतं. मग दुरुस्ती. बसल्यावर पात्र थांबतंय, म्हटलं, हालचाल मरते, बघणारा कंटाळतो. तो हाताचा भाग काढा. बसली की थेट पानाकडे बघू द्या.

चुकून बोललो असतो तर हे लिहायला बसलो नसतो. मला तेव्हाच माहीत होतं, त्या शॉटचा जीव त्या हातात आहे. म्हणूनच मी नेमका तोच काढायला सांगितला. मला मत्सर वाटला. साधा शब्द आहे, पण इतक्या वर्षांत तोंडातून निघाला नाही.

“व्हय सर,” ती म्हणाली, “मला पण वाटलंच होतं, लांबतंय जरा.” तिला असं काही वाटलं नव्हतं. माझ्यावरच्या विश्वासापायी तिनं ते स्वतःला वाटायला लावलं.

पुढच्या रविवारी मावशी आली, बसली, जेवायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सर्वांत जोरात मी. स्टुडिओचं उत्तर आलं: काम स्वच्छ आहे, पुढं कधी गरज पडली तर कळवू. तिनं पेढे आणले – स्वच्छ म्हणाले म्हणून! मी दोन खाल्ले. नंतर ती प्रत्येक शॉट आधी मला विचारून करायला लागली. तिचं काम बिनचूक होत गेलं. आता तिचं काम बघून कुणाला हसायला येत नाही.

ती अजून पूर्ण दिवस दवाखाना करते, आणि रविवारची मंडळी आता तीच सांभाळते. मी खुर्ची टाकून मागं बसतो. परवा कॉलेजातल्या एका मुलीनं पोस्टमनचा शॉट आणला. तो दार वाजवतो, आणि उघडायच्या आधी शर्टाचं वरचं बटण लावतो, जरा थांबतो. सुंदर होतं. वैशालीनं आधी भरभरून कौतुक केलं. मग मायेनं म्हणाली, “फक्त हे बटण आणि थांबणं काढून टाक, बाळा. जीव जातो तिथं. मला हे सरांनीच शिकवलंय.” आणि अभिमानानं मागं वळून माझ्याकडे पाहिलं.

त्या मुलीनंही पाहिलं. मी मान डोलावली.